कंपनीत ईएपी (एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम) सुरू करायचाय, अनुभव सांगा

वैदेही_के | सोम, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

आमच्या कंपनीचं ऑफिस अंधेरी पूर्वेला आणि गोदाम भिवंडीला. मी एचआर बघते. 'डिपार्टमेंट' म्हणजे मी आणि एक ट्रेनी मुलगी. ऑफिसात शंभरेक माणसं, गोदामात अडीचशेच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटदाराची.

एका परदेशी ग्राहकाचं दरवर्षी ऑडिट असतं. आग विझवायची नळकांडी, ओव्हरटाइमचं रजिस्टर, संडास किती, असं सगळं बघतात. यंदा त्यात एक नवीन रकाना आला : कर्मचाऱ्यांसाठी ईएपी, म्हणजे कंपनीच्या खर्चाने गुप्त समुपदेशनाची सोय, आहे का? साहेबांनी तो वाचून मला बोलावलं आणि म्हणाले, "हे काय असेल ते या तिमाहीत करून टाक."

दोन कोटेशनं मागवली आहेत. पहिली कंपनी माणशी दरमहा ठरलेला आकडा घेते. अ‍ॅप, चोवीस तास हेल्पलाइन, महिन्याला अहवाल. दुसरी म्हणते जेवढी सेशन्स होतील तेवढेच पैसे द्या. साहेबांचा कल अर्थातच दुसरीकडे, कारण त्यांच्या मते "आपल्याकडे कुणाला लागणारच नाही."

मला खरं तर हे नुसतं रकाना भरण्यापुरतं करायचं नाहीये. लोक वापरतात का? कंत्राटी माणसांना त्यात घेता येतं का? आणि तो मासिक अहवाल माझ्याकडे येणं योग्य आहे का? त्या एका गोष्टीने मला जरा अस्वस्थ केलंय. ज्यांनी हे वापरलंय, राबवलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा, प्लीज.

लोअर_परळकर | सोम, रात्री ९.४०

आमच्याकडे आहे. लिफ्टशेजारी पोस्टर आहे, त्यावर हसणारी गोरी बाई आणि एक क्यूआर कोड. तो स्कॅन करताना कुणी बघेल म्हणून कुणी स्कॅन करत नाही. टार्गेट वाढवलं त्याच आठवड्यात 'वेलनेस वीक' आला आणि शनिवारी सकाळी योगा ठेवला. हजेरी सक्तीची.

खारीबिस्कीट | सोम, रात्री ९.४४

शनिवारचा सक्तीचा योगा = शवासन सोमवारपर्यंत.

अर्धवटराव | सोम, रात्री १०.०२

आमच्या शेटजींचा ईएपी फार जुना आहे. "चल रे, चहा पी, बरं वाटेल." माणशी दरमहा खर्च कटिंगच्या हिशेबात. अहवाल कुणाला जात नाही, फक्त चहावाल्याला सगळं माहीत असतं.

मनवा_ठाणे | सोम, रात्री ११.२०

वैदेही, मी समुपदेशक आहे आणि काही वर्षं ईएपी पुरवणाऱ्या एका संस्थेच्या पॅनेलवर काम केलंय. आतून कसं चालतं ते सांगते.

साधारण मांडणी अशी असते. कर्मचाऱ्याला, आणि बहुतेक करारांत त्याच्या घरच्यांनाही, एका प्रश्नासाठी ठरावीक सेशन्स फुकट मिळतात. तीन ते आठ हा नेहमीचा आकडा. ही दीर्घकाळची थेरपी नव्हे. माणसाला ऐकून घ्यायचं, प्रश्न नेमका काय आहे ते त्याच्यासोबत बघायचं, आणि जास्त लागत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे, रुग्णालयाकडे, व्यसनमुक्ती केंद्राकडे नीट पोचवायचं. बऱ्याच ठिकाणी कायद्याचा आणि कर्जाचा सल्लाही असतो. "माझ्या टीममधला एक मुलगा हल्ली विचित्र वागतोय, त्याच्याशी कसं बोलू?" असं विचारायला मॅनेजरसुद्धा फोन करू शकतो, हा भाग फार उपयोगाचा असून कुणाला माहीतच नसतो.

आता कोटेशनवाल्यांना काय विचारायचं ते. रात्री दोनला फोन केला तर उचलतो कोण, समुपदेशक की निरोप लिहून घेणारा कॉल सेंटरवाला? मराठी बोलणारे समुपदेशक किती, आणि ते कुठल्या पाळीत असतात? त्यांचं शिक्षण काय? 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. सेशन्स संपली आणि माणूस अजून अर्ध्यात असेल तर पुढे काय?

अहवालाबद्दल तुम्हाला अस्वस्थ वाटलं ते बरोबरच आहे. नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो. समजा रात्रपाळीला चारच बायका आहेत आणि अहवालात 'गोदाम, रात्रपाळी, स्त्री, घरात मारहाण : १' असं आलं. मग नाव लिहायचं काय राहिलं? त्यामुळे विभागवार, पाळीवार आकडे घेऊच नका. तिमाहीला सगळ्या कंपनीचा मिळून एक आकडा आणि विषयांची ढोबळ विभागणी, बस. करारात तसं लिहून घ्या.

गुप्ततेला अपवाद असतात आणि ते पहिल्याच फोनवर सांगायला हवेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार (पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे), आणि कोर्टाचा आदेश. "आज कामावर आला नाही" हा अपवाद नव्हे.

कर्जत_८_१२ | मंगळ, सकाळी ८.३१

उभ्याने टाइप करतोय, चुका माफ.

मी वापरलंय. आधीच्या नोकरीत. वडील गेल्यानंतर झोप उडाली होती. हेल्पलाइनवरची बाई चांगली होती, खरंच चांगली. तीन वेळा बोललो, पुष्कळ फरक पडला. मग एक दिवस एचआरचा माणूस कँटीनमध्ये पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काय, आता बरं वाटतंय ना?" मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नंतर कळलं की सेशनमागे पैसे असल्यामुळे बिलासोबत एम्प्लॉयी कोडची यादी जायची.

तो माणूस वाईट नव्हता, काळजीनेच विचारलं त्याने. पण चौथा फोन मी केला नाही. वाढीच्या वेळी आमच्या साहेबांनी "तुझ्यावर सध्या जास्त लोड नको" म्हटलं तेव्हा ते कुठून आलं याचा विचार करत बसलो. वर्षाच्या आत नोकरी सोडली.

लोअर_परळकर | मंगळ, सकाळी ९.०५

@वैदेही_के, धाग्याचं उत्तर वरच्या प्रतिसादात मिळालं. दुसरं कोटेशन फाडून टाका.

हिशेबनीस | मंगळ, सकाळी ११.१५

थांबा, थांबा. मी अकाउंट्सवाला, शिव्या खायची सवय आहे. सेशनमागे बिल आलं तर मी कशाच्या आधारावर पास करू? "चाळीस सेशन्स झाली, पैसे द्या, कुणाची ते विचारू नका." उद्या ऑडिटर मला विचारेल ना. चाळीस झाली की बारा झाली हे कोण बघणार? एकदा सुरक्षा एजन्सीने नसलेल्या गार्डांची बिलं लावलेली मी पकडली आहेत.

मनवा_ठाणे | मंगळ, दुपारी १.५०

@हिशेबनीस, प्रश्न रास्त आहे. म्हणूनच छोट्या कंपनीला माणशी ठरलेला दर सोयीचा. डोकी तुम्हाला माहीत आहेत, गुणाकार करा, बिल पास. कुणी फोन केला याचा बिलाशी संबंधच येत नाही. सेशनमागेच पैसे द्यायचे असतील तर संस्थेने स्वतःचा सांकेतिक क्रमांक वापरायचा, तुमच्या एम्प्लॉयी कोडशी त्याचा संबंध नाही असा, आणि पडताळणी बाहेरच्या तिसऱ्या माणसाने संस्थेत जाऊन करायची. त्यानेही तुम्हाला फक्त "आकडा बरोबर" एवढंच सांगायचं.

शिवाय सेशनमागे पैसे म्हटलं की कमी वापर झाला तर मालक खूश. मग पोस्टर हळूच खाली येतं. ठरलेल्या दरात उलटं होतं : पैसे गेलेच आहेत तर लोकांनी वापरावं असं मालकालाही वाटतं.

हिशेबनीस | मंगळ, दुपारी २.१०

हे पटलं. गुणाकार मला आवडतो.

बेलापूररोड | मंगळ, संध्याकाळी ६.३०

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त आहे. ८४ सालापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका रासायनिक कारखान्यात लेबर वेल्फेअर ऑफिसर होतो. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ४९ प्रमाणे ५०० कामगार असले की आमची नेमणूक सक्तीची असे. आपण ज्याला ईएपी म्हणता त्यातलं बरंचसं आम्ही एका टेबलावर बसून करत होतो, त्याला इंग्रजी नाव नव्हतं इतकंच.

पगार सात तारखेला, रोख, पाकिटातून. सहा-सात बायका त्या दिवशी गेटबाहेर उभ्या असायच्या. नवरा गेटमधून गुत्त्याकडे वळायच्या आत पाकीट हातात पडावं म्हणून. काही जणांशी बोलून, त्यांच्या लेखी संमतीने, पगाराचा काही भाग बायकोच्या पतपेढीच्या खात्यात वळता करायची सोय मी केली. पहिल्यांदा एकाने माझ्या टेबलावर हात आपटला होता. दोन वर्षांनी त्यानेच दुसऱ्याला आणून समोर बसवलं.

दारू हाच मोठा प्रश्न. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं. तिथे आम्ही माणसं पाठवू लागलो. मुंबईत वांद्र्याला कृपा फाउंडेशन होतंच. अडचण दाखल करण्याची नसे, अडचण रजेची असे. महिनाभर माणूस बाहेर, शिल्लक रजा दारूत कधीच संपलेली. व्यवस्थापनाशी भांडून मी एवढं मान्य करून घेतलं की बिनपगारी रजा लागेल, पण नोकरी शाबूत आणि परतल्यावर तेच मशिन, तीच पाळी. माणूस परत आल्यावर त्याला झाडलोटीवर टाकलं की तो पंधरा दिवसांत पुन्हा गुत्त्यावर, हे मी पाहिलं आहे. वैदेहीताई, समुपदेशनाचा करार जरूर करा, पण त्यासोबत रजेचा नियमही लिहून घ्या. नुसत्या फोनने दारू सुटत नाही.

आणि हे नवीन काही नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात ड्यूपाँट, ईस्टमन कोडॅक अशा कंपन्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांसाठीच अशा योजना सुरू केल्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ चं, त्यातून बरे झालेले लोकच कारखान्यांत हे काम करू लागले. मनःस्वास्थ्य, घरगुती भांडणं, कर्ज हे सगळं नंतर त्यात आलं.

खारीबिस्कीट | मंगळ, संध्याकाळी ६.४८

काका, अजून लिहा. यावर वेगळा धागा काढा.

लोअर_परळकर | मंगळ, संध्याकाळी ७.१५

काका, आदर आहेच. पण पगार कंपनीचा, खुर्ची कंपनीची, आणि कामगाराने मन मोकळं करायचं तुमच्याकडे? युनियनवाले येत होते का?

बेलापूररोड | मंगळ, रात्री ८.४०

@लोअर_परळकर, नाही येत. ८२ च्या गिरणी संपानंतरचा काळ, व्यवस्थापनाचा माणूस म्हणजे शत्रूच. युनियनच्या कमिटीतला एक जण माझ्याकडे आला तो थेट निवृत्तीनंतर, घरी. तेव्हा आपला मुद्दा खरा आहे. पण दुसरी बाजूही बघा. माझ्याकडे येणाऱ्याला माझा चेहरा माहीत होता, मी रोज कँटीनला त्याच्या शेजारी जेवत होतो. फोनवरच्या अनोळखी बाईला भिवंडीचा हमाल आपलं घर सांगेल का, याची मला शंका आहे. गुप्तता बाहेरच्याकडे आणि विश्वास आतल्याकडे, असं हे कोडं आहे.

नाना_भिवंडी | मंगळ, रात्री १०.५५

आत्ता पाळी सुटली. वाचत होतो सकाळपासून अधूनमधून.

मी गोदामात सुपरवायझर आहे. ताई तुमच्या नाही, दुसऱ्या. पण गोदाम सगळी सारखीच. आमच्या पोरांना 'मानसिक ताण' म्हटलं की म्हणतात, "मी येडा आहे का?" पण त्यांचं दुखणं विचारा तर पैसा. मोबाईलवर कर्ज घेतात, पाच हजार. मग ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून. मग वसुलीवाला घरी, सासऱ्याला, माझ्या ऑफिसच्या नंबरला फोन करतो. शिव्या देतो. पोरगं मग दोन दिवस येत नाही. आम्ही लावतो गैरहजेरी. गावाकडचं कर्ज वेगळं, बहिणीचं लग्न वेगळं. रमीचं खूळ होतं, कायद्याने बंद केलं तरी कुठून कुठून खेळतात.

पाटीवर "कर्जाचा, वसुलीवाल्याच्या त्रासाचा फुकट सल्ला" असं लिहा. मग बघा फोन येतात की नाही. एकदा पैशाचं बोलला की बाकीचं आपोआप निघतं.

आणि फोन करायचा कुठून? फ्लोअरवर मोबाईल बंद. जेवायची सुट्टी अर्धा तास. खोलीवर सहा-सहा जण राहतात. गोदामात माणूस एकटा बसेल अशी जागा एकच, संडास. तिथे रांग असते.

मनवा_ठाणे | बुध, सकाळी ७.२०

नानांच्या प्रतिसादाला शंभर अनुमोदन. खोलीचा प्रश्न कुठलाही विक्रेता कोटेशनमध्ये लिहीत नाही.

काकांच्या कोड्याला एक व्यवहारी उत्तर आहे. बाहेरचाच समुपदेशक, पण ठरलेल्या वारी गोदामात येऊन बसणारा. पहिले काही आठवडे कुणी येत नाही. चहा घेतो, नावं लक्षात ठेवतो. मग कुणीतरी "मॅडम, माझ्या भावाबद्दल विचारायचं होतं" म्हणत येतो. भाऊ बहुतेक वेळा तो स्वतःच असतो. एका ठिकाणी लोडिंगच्या वेळी अपघातात एक जण गेला, तेव्हा मला बोलावलं होतं. सगळ्यांना हॉलमध्ये गोल बसवलं, कुणी तोंड उघडलं नाही. बोलले ते नंतर, टपरीवर, एकेक जण. पण व्यवस्थापनाने त्या दिवशीचं डिस्पॅच थांबवलं होतं, आणि माझ्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला असेल.

कलमबहाद्दर | बुध, सकाळी १०.४०

वसुलीवाल्यांबद्दल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच सांगितलंय : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नाहीत, नातेवाइकांना-मित्रांना त्रास नाही, धमकी नाही. त्यानंतर आलेल्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार अ‍ॅपला मोबाईलमधले कॉन्टॅक्ट्स बघायचीही मुभा नाही. गावचा सावकार असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्याच्याकडे परवाना हवा. वकील परवडत नाही असं कुणी म्हणेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. फोन १५१००. नाना, हा नंबर पाटीवर लिहा, त्याला कोटेशन लागत नाही.

आता मूळ प्रश्न. ईएपी ठेवलाच पाहिजे असा कायदा भारतात नाही. पण आजूबाजूचं बघून करार करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक हवी. तुमची ग्रुप मेडिक्लेम काढून बघा, त्यात अजूनही जुना अपवाद छापलेला असेल तर भांडा. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे ते ईएसआयसीत (सरकारी कामगार विमा योजनेत) असतील, कंत्राटीसुद्धा. त्यांची कार्डं खरंच निघाली आहेत का ते आधी तपासा. आणि एक धोक्याची सूचना : लैंगिक छळाची तक्रार ईएपीकडे वळवून "समुपदेशन झालं" म्हणून मिटवू नका. त्यासाठी २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती आहे. समुपदेशकाने बाईला तो रस्ता दाखवायचा, अडवायचा नाही.

लोअर_परळकर | बुध, दुपारी १२.३०

मी पुन्हा मिठाचा खडा टाकतो. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा अभ्यास वाचा. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६ हजारांवर कर्मचारी. ध्यान, रेझिलियन्स ट्रेनिंग, झोपेचं अ‍ॅप, असल्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत फरक नाही. अपवाद एकच, स्वयंसेवेच्या कामाला जाणारे जरा बरे होते. म्हणजे काम तसंच ठेवून माणसाला रफू करायचं, याचा उपयोग शून्य. लोड कमी करा, माणसं वाढवा, मॅनेजर सुधारा. ते महाग पडतं म्हणून पोस्टर.

मनवा_ठाणे | बुध, दुपारी ३.०५

अभ्यास वाचलाय आणि पोस्टरबद्दल मी तुमच्याच बाजूची. पण तो मुख्यतः सरसकट सगळ्यांना वाटलेल्या उपक्रमांबद्दल आहे, आणि एका वेळचं सर्वेक्षण आहे, आधी-नंतर अशी तुलना नाही. रात्री तीन वाजता "जगायचं नाही" असं वाटणाऱ्या माणसाने उचललेला फोन ही गोष्ट वेगळी. लोड कमी होईपर्यंत त्याने थांबायचं का?

लोअर_परळकर | बुध, दुपारी ३.२०

नाही. ते मान्य. पण मग दोन्ही करा, एक दाखवून दुसरं टाळू नका.

कर्जत_८_१२ | बुध, संध्याकाळी ७.५०

दोन्हीवरून आठवलं. माझ्या आत्ताच्या कंपनीत ईएपी वगैरे काही नाही. पण आमच्या मॅडमनी ऑफिसची वेळ १० ऐवजी ८ ते ११ मध्ये कधीही या अशी केली. मी आता ६.२० ची पकडतो. बसायला मिळतं. बायको म्हणते तू माणसात आलास.

अर्धवटराव | बुध, संध्याकाळी ८.०१

मग आयडी बदला. ८.१२ च्या नावावर किती दिवस सहानुभूती खाणार?

खारीबिस्कीट | बुध, संध्याकाळी ८.०६

मध्य रेल्वेनेही २०२३ मध्ये ऑफिसांना पत्रं लिहून वेळा मागेपुढे करायची विनंती केली होती. आमच्या साहेबांनी पत्र नोटीस बोर्डावर लावलं. वेळ तीच.

सुलेखा_विलेपार्ले | बुध, रात्री १०.२५

धागा लोकलवर गेला की परत येत नाही, म्हणून घाईने लिहिते. मी वापरलंय आणि माझा अनुभव चांगला आहे. सासूबाईंना स्मृतिभ्रंश. नोकरी, मुलाची दहावी आणि घरात रात्रभर दार उघडून "मला माझ्या घरी जायचंय" म्हणणारी म्हातारी. पहिला फोन हिंदी बोलणाऱ्या मुलीला लागला. गोड होती, पण सासूबद्दल मला हिंदीत रडता येईना. मराठी समुपदेशक मागितली, चार दिवसांनी मिळाली. तिने रडू दिलं आणि मग वही काढायला लावली. रात्री कोण, दिवसा कोण, नणंदेचा वाटा किती. नणंदेशी काय बोलायचं याची चक्क तालीम करून घेतली. दिवसा सांभाळणारी मावशी कुठून मिळेल तेही तिनेच सुचवलं. सहा सेशन्स. आजार आहे तसाच आहे, पण नणंद आता शनिवार-रविवार येते.

वैदेही, घरच्यांचा समावेश करारात असू द्या. माझ्या नवऱ्यानेही नंतर दोनदा फोन केला. काय बोलला मला माहीत नाही, विचारलंही नाही.

वैदेही_के | गुरु, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. काल आणि आज ट्रेनमध्ये सगळं दोनदा वाचलं.

एक बावळट प्रश्न साहेबांनी विचारला, त्याचं उत्तर द्यायचंय. केंद्र सरकारची टेली-मानस १४४१६ ही हेल्पलाइन फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत आहे. मग पैसे कशाला?

मनवा_ठाणे | गुरु, रात्री १०.१०

बावळट अजिबात नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे आणि खरंच उपयोगाची आहे. अगदी बजेट नसेल तर तिचा नंबर प्रत्येक पगाराच्या स्लिपवर छापा, तेही काही नसण्यापेक्षा पुष्कळ. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' २०१२ पासून आहे, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे. पैसे कशाचे, तर गोदामात येऊन बसणाऱ्या माणसाचे, मॅनेजरला सल्ला देण्याचे, अपघात झाला तर त्या दिवशी पोचण्याचे. तेवढंच विकत घ्या. अ‍ॅप, ध्यानाचे व्हिडिओ, पावलं मोजायची स्पर्धा गाळून किती होतात ते विचारा. दर खाली येतो, अनुभवाने सांगते.

वैदेही_के | शुक्र, रात्री ८.४५

अपडेट. पहिल्या कंपनीला अ‍ॅप नको म्हटल्यावर त्यांचा सेल्सवाला दुखावला, पण दर बराच खाली आला. माणशी ठरलेला दर, तिमाही अहवाल, विभागवार काही नाही, घरचे धरून. दर बुधवारी मराठी-हिंदी बोलणारा समुपदेशक भिवंडीला अर्धा दिवस. सहाच्या पाळीचे आणि दुपारच्या पाळीचे दोघंही गाठता यावेत म्हणून पाळी बदलायच्या आसपासची वेळ ठेवली आहे. समुपदेशकाकडे घालवलेला वेळ कामाचाच धरायचा, हे साहेबांनी मान्य केलं. काकांचा रजेचा मुद्दा त्यांनी "पुढच्या मीटिंगला" ठेवलाय. सोडणार नाही.

कंत्राटदार मात्र अडून बसला होता. "माझ्या माणसांचं मी बघतो." त्याला बहुतेक भीती ही की पोरं ओव्हरटाइमचं बोलतील. खर्च आमचा म्हटल्यावर गप्प झाला. आणि @कलमबहाद्दर, ईएसआयसीची कार्डं तपासायला घेतली. न निघालेली बरीच सापडली. आता तो माझ्यावर नाराज आहे.

कलमबहाद्दर | शुक्र, रात्री ९.००

छान. अशी नाराजी फायलीत लावून ठेवा.

नाना_भिवंडी | शुक्र, रात्री ११.१०

ताई, बसायला खोली कुठली देताय?

वैदेही_के | शुक्र, रात्री ११.१८

एचआर केबिनच्या शेजारची मीटिंग रूम.

नाना_भिवंडी | शुक्र, रात्री ११.२६

काचेची असेल. कोणी येणार नाही. तुमच्याकडे जुनी वजनकाट्याची केबिन असेल बघा, गेटच्या बाजूला, सगळ्यांकडे रिकामी पडलेली असते. तिकडे ड्रायव्हर, हमाल कोणीही कायम जात येत असतो, कोण कशाला गेला कळत नाही. पंखा लावा आणि दाराला आतून कडी.

वैदेही_के | शनि, सकाळी ७.०५

आहे! सध्या त्यात जुनी रजिस्टरं आणि फुटकी हेल्मेटं आहेत. सोमवारी रिकामी करायला घेते.

हिशेबनीस | शनि, सकाळी ९.४०

रजिस्टरं किती सालची आहेत ते बघूनच रद्दीत घाला हो.